आरोपी पोट नव्हतं

तोंडाला वास येतो म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय पोटावर. मग रात्री त्रिफळा चूर्ण, सकाळी कोमट पाणी आणि अधूनमधून एरंडेल. मीही हे सगळं निष्ठेनं केलं. पोट नीट झालं, वास तसाच राहिला.

मला तो सांगितला धाकट्या जावेनं. स्वयंपाकघरात दोघीच होतो. "ताई, रागावू नका, पण एकदा दात दाखवून या," एवढंच म्हणाली आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली. रात्री नवऱ्याला विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही, कारण नाक त्याला सरावतं. आणि ज्यांना कळतो ते भिडेपोटी बोलत नाहीत.

मी शाळेत शिकवायचे. दिवसभर बोलणं, मधल्या सुट्टीत चहा आणि पाणी जवळजवळ नाहीच. शाळेच्या स्वच्छतागृहाची अवस्था अशी, की आम्ही शिक्षिका पाणी प्यायचं टाळायचोच. पर्समध्ये लवंगेची डबी असायची. लवंगेनं वास झाकला जातो, जात नाही. शिवाय वास झाकलेला राहिला की दातांकडे लक्ष जायलाही तेवढाच उशीर होतो.

दातांच्या डॉक्टरांनी आधी हिरड्या पाहिल्या. ब्रश करताना येणारं रक्त मी 'ब्रश कडक आहे' म्हणून सोडून दिलं होतं. आतल्या बाजूनं कीटण चढलं होतं, त्याखाली हिरड्या सुजल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की दहांतल्या आठ-नऊ जणांच्या वासाचं मूळ तोंडातच असतं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातला वास सहसा वर येत नाही. जिभेच्या मागच्या भागावर, दातांच्या फटींत आणि हिरड्यांखाली असे जंतू राहतात ज्यांना हवा नकोच असते. ते अन्नाच्या आणि लाळेतल्या प्रथिनांचा फडशा पाडतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. त्यातला एक कुजक्या अंड्याच्या वासाचा. लाळ हे सगळं धुऊन नेत असते. झोपेत ती कमी होते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. माझ्या तोंडात तर दिवसाही कोरड होती.

कीटण काढायला मी घाबरत होते. 'मशीननं साफ केले की दात हलतात' हे लहानपणापासून ऐकलेलं. खरं म्हणजे हिरड्या सुटल्यामुळे दात आधीच सैल झालेले असतात, कीटणानं ते लपलेलं असतं एवढंच. काढल्यावर फटी जाणवल्या, थोडे दिवस थंड पाणी झोंबलं, मग बसलं.

सवयींमध्ये सगळ्यात जास्त फरक जिभेनं पडला. जिभली घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण आम्ही ती पुढच्या पुढेच फिरवायचो. घाण असते मागे. जीभ पूर्ण बाहेर काढायची, श्वास सोडत मागून पुढे हलक्या हातानं ओढायचं. सुरुवातीला उमासे येतात, चार-सहा दिवसांत जमतं. रक्त येईपर्यंत खरवडण्यात काही शौर्य नाही.

दुसरी जागा दातांच्या फटी. तिथं ब्रश पोचत नाही, फ्लॉसचा दोरा किंवा बारका फटींचा ब्रशच लागतो. मागच्या दाढांमधून दोरा काढून त्याचा वास घ्या. याहून प्रामाणिक चाचणी घरात होत नाही. रात्रीचं ब्रश करणं सकाळच्याहून महत्त्वाचं, आणि त्यानंतर फक्त पाणी. बडीशेप नाही, दूध नाही. चहानंतरही चूळ भरायची. आजी जेवून उठली की खळखळून चूळ भरायची. आम्ही तेवढं सोडून दिलं आणि माउथवॉश विकत आणला. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनं तोंड आणखी कोरडं पडू शकतं, आणि क्लोरहेक्सिडिनचा फार दिवस वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात. तो डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.

लसणाचं मात्र वेगळं. त्यातलं एक द्रव्य रक्तातून फुप्फुसांत जातं आणि श्वासावाटे बाहेर पडतं, म्हणून ब्रशनं तो वास हटत नाही. ठेचा खाल्ला असेल तर काही तास लोकांनी सोसावं. निर्जळी उपवासाचंही तसंच. लाळ आटते, शरीर चरबी जाळू लागतं आणि श्वासाला वेगळाच दर्प येतो. उपवास करा, पण पाणी प्या.

आणि मिश्री. माझ्या माहेरच्या बायका दात स्वच्छ राहतात म्हणून ती लावायच्या. भाजलेली तंबाखूच ती. हिरड्यांची वाट लावते आणि तोंडाच्या कर्करोगाला दार उघडते. यावर मी कुणाशी गोडीनं बोलत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांची कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. ॲलर्जीच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. तसं झालं तर गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांना अधिक जपावं. त्यांच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येऊन सोबत उलट्या, खूप तहान किंवा धाप असेल, तर थेट रुग्णालय गाठावं.

काहींना वास नसतानाही तो येतो असं वाटत राहतं आणि ते माणसांत जायचं टाळतात. अशा वेळी घरात विचारण्याजोगं कुणी नसेल, तर दातांच्या डॉक्टरांनाच सरळ विचारावं. जाताना लवंग चघळून जाऊ नये, नाहीतर त्यांनाही काही कळायचं नाही.