कंबर धरली तर पडून राहावे का?
प्राथमिक दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक कंबरदुखीचे नेमके कारण दाखवता येत नाही. गंभीर आजार क्वचितच निघतो. पडून राहण्याचा सल्ला जुना, पण चाचणीत तो टिकला नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींनी दोन दिवस अंथरुणात काढले, काहींनी पाठीचे व्यायाम केले, काहींनी झेपतील तशी रोजची कामे चालू ठेवली. कामे न सोडणारेच सर्वांत लवकर सावरले. गोळ्यांचीही फारशी मातब्बरी नाही: २०१४ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना बरे व्हायला साधारण १७ दिवस लागले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना १६! मात्र लघवी अडणे, जांघेत बधिरता, पायातली ताकद जाणे, ताप किंवा पूर्वीचा कर्करोग असल्यास तपासणी लांबवू नये.