बातमीची शहानिशा

वाचकहो, पेण-रोह्याच्या कित्येक घरांतील एक भाऊ गावी, तर दुसरा आखातात नोकरीस असतो. युद्ध पेटले की गावचा भाऊ येथील वाहिन्या पाहतो. आखातातील भाऊ पाकिस्तानी सहकाऱ्यांसोबत त्यांच्या वाहिन्या पाहतो. मग फोनवर वाद होतो.

७ मे २०२५ रोजी भारताने ऑपरेशन सिंदूर आरंभिले; १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. त्या दिवसांत आपल्याकडील काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले; ते असत्य होते. पाकिस्तानात हवाई दलाची स्तुती करणारे एका ब्रिटिश दैनिकाचे बनावट पान पसरले. परराष्ट्रमंत्री इसहाक डार यांनी सेनेटमध्ये त्याचाच दाखला दिला. तेथीलच ‘डॉन’ दैनिकाने ते बनावट असल्याचे दाखविले. पुंछमध्ये पाकिस्तानी तोफमाऱ्यात मृत्यू पावलेल्या एका मदरसा-शिक्षकास आपल्या काही वाहिन्यांनी दहशतवादी म्हटले. पोलिसांनी खंडन केले. पण शोकाकुल घराला तो कलंक सोसावा लागला.

सूरह अल-हुजुरातची सहावी आयत अविश्वसनीय माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा देते, जेणेकरून अजाणतेपणी कोणास इजा पोहोचून पश्चात्ताप करण्याची वेळ येऊ नये. ही आज्ञा न रुचणाऱ्या बातमीपुरतीच नाही. मनास सुखावणारी बातमी आपण न तपासता पुढे पाठवितो. खरी परीक्षा तेथेच आहे.

म्हणून बातमी कोणी दिली, कोणी स्वतः पाहिले, दुसरी बाजू काय म्हणते, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत मौन बाळगा. अल्लाह आपणा सर्वांच्या जिभेस आणि बोटांस सत्याचे भान देवो. आमीन.