जड जिभेचा सेवक
शास्त्रपाठ : निर्गम 4:10-16

बोलायला उभे राहताना पाय कापतात, म्हणून आपला विश्वास उणा, असे मानू नये. मोशेने आपली जीभ जड असल्याचे सांगितले, तेव्हा देव रागावला नाही. दुसऱ्या कोणाला पाठव म्हणताच रागावला. तरी सोबतीला अहरोन दिला.

सेल्वासला नाताळच्या कार्यक्रमात एक मुलगी वचन विसरली. आम्ही खालून शब्द सांगत राहिलो, ती अधिकच गोंधळली. (घाई आमचीच!) पुढच्या खेपेस तिची मैत्रीण शेजारी उभी केली. मैत्रीण एक शब्दही बोलली नाही. मुलीने मात्र सारे वचन म्हटले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलाला एकटे उभे करण्याआधी त्याचा अहरोन शोधावा.

पुढे मवाब देशात मोशे सर्व इस्राएलापुढे बोलला. अनुवादाचे पुस्तक त्याच भाषणांनी भरले आहे. तेव्हा अहरोन हयात नव्हता.