कोऱ्या मशीनला सप्लाय देण्याआधी

वसईतल्या वालीव-सातिवलीच्या गाळ्यात नवं मशीन उतरलं की शेठ म्हणणारच, "कोरं करकरीत आहे, लगेच चालू कर." ऐकू नकोस, बाळा. पॅनलच्या दारावर 'तपासून पास'चा स्टिकर असेल, पण ती तपासणी कुणी आणि किती घाईत केली, ते तुला ठाऊक नाही. तिथे राहिलेली चूक तुझ्या बोटांपर्यंत येते, तेव्हा तिच्यात 415 व्होल्ट असतात. शुक्रवारी गाळे बंद असतात, तो दिवस मागून घे. कामगार भोवती उभे असले की हात घाई करतो.

सप्लाय न देता पॅनल उघड आणि प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू स्वतः आवळ. मशीन अहमदाबाद महामार्गाचे खड्डे खात आलेलं असतं. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघ. लग नीट दाबलेला नसेल तर ती हातात येईल. ढिला जोड पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही. तो तापतो, तापून आणखी ढिला होतो, आणि काही आठवड्यांनी इन्सुलेशन वितळतं. तोवर मशीन बनवणारा विसरलेला असतो आणि सगळ्यांची बोटं वायरमनकडे वळतात.

अर्थिंगला सगळ्यात जास्त वेळ दे. अर्थचा बोल्ट थेट पावडर कोटिंगवर आवळलेला मी कितीदा पाहिलाय! रंगातून वीज जात नाही. हिरवी वायर जोडलेली दिसते, आणि बॉडी अधांतरीच. रंग खरवडून पत्रा उघडा कर, दातेरी वॉशर टाक, मग बॉडी आणि अर्थपट्टीमध्ये मल्टीमीटर लावून खात्री कर. पॅनलच्या दाराला वेगळी अर्थ वायर हवीच, बिजागरीवर भरवसा नको. आपल्याकडे खाडीची खारी हवा, त्यात पावसाळा. 2018 च्या जुलैत वसईत पाणी किती तुंबलं होतं, आठवतंय ना? ओल्या फरशीवरच्या माणसाचा हात अशा बॉडीला लागला, तर वीज त्याच्या अंगातूनच जमिनीत जाते.

मोटारीचं झाकण उघडून पट्ट्या नेमप्लेटशी ताडून बघ. लहान मोटारी बहुधा स्टारमध्ये असतात आणि मोठ्या डेल्टात, पण अंदाजावर जाऊ नकोस. स्टारची मोटार डेल्टात जोडलेली निघाली तर वाइंडिंगवर पावणेदोन पट व्होल्टेज येतं आणि ती बघता बघता जळते. ओव्हरलोड रिले कारखान्यातून पुष्कळदा शेवटच्या आकड्यावर ठेवून येतो. तो नेमप्लेटच्या अँपिअरवर आण. मग 500 व्होल्टचा मेगर लाव. एक मेगाओहमच्या खाली तर मोटार चालवायचीच नाही, आणि कोऱ्या मोटारीने जेमतेम एकदोन दाखवले तरी ओल शिरलीय किंवा वाइंडिंग कुठेतरी खरचटलंय असं धर. ड्राइव्ह असेल तर मेगरआधी तिच्या तारा सोडव, नाहीतर ती तुझ्याच हातून जाईल. हायड्रॉलिक प्रेस असेल तर तेल भरण्याआधी टाकीच्या तळाशी टॉर्च मार. वेल्डिंगचा बुरादा तिथेच सापडतो.

आणि जे सापडेल ते लिही. शेठ रागावेल, "नव्या मशीनमध्ये खोट काढतोस?" म्हणेल. तरी लिही. 1948 च्या कारखाना कायद्यात 1987 च्या दुरुस्तीने 7बी कलम आलं: यंत्र सुरक्षित बनवणं आणि त्यासाठी लागेल ती चाचणी करणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी. आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेतही ती जबाबदारी आहे. पण उद्या कुणाला शॉक बसला तर कायदा तुझ्या बाजूने उभा राहायला तुझ्याकडे कागद हवा. सर्व्हिस रिपोर्टवर मशीनचा सिरीयल नंबर, तारीख, मेगरचं रीडिंग, ढिले किती जोड निघाले ते घाल. उघड्या पॅनलचे फोटो हात लावण्याआधी काढ. दुरुस्तीआधी बनवणाऱ्याला लेखी कळव, मेसेज चालेल, आणि शेठची सही घे. सही देत नसेल तर तेही त्याच रिपोर्टवर लिहून एक प्रत घरी ठेव.