काळ्या मातीवरील डांबरी रस्त्याची राखण

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणामुळे सर्वत्र परिचित आहे. परंतु धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस, त्याखालची काळी जमीन आणि मराठवाड्याचा प्रखर उन्हाळा या तिन्हींचा भार जो एकाच वेळी सोसतो, तो या परिसरातील डांबरी रस्ता मात्र क्वचितच कोणाच्या अभ्यासाचा विषय होतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा सर्वांना दिसतात, पण तीच हालचाल रस्त्याच्या थराखालीही चालू असते. रस्त्याच्या मध्यभागाखालची माती डांबराच्या आच्छादनामुळे ओलावा टिकवून धरते आणि कडेखालची माती मात्र लवकर वाळते. या फरकामुळे कडेपासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या लांबीला समांतर अशी पहिली भेग उमटते. या भागातील रस्त्यांचा ऱ्हास बहुधा याच भेगेपासून सुरू होतो आणि तिच्याकडे बहुधा कोणीही लक्ष देत नाही.

डांबराचा स्वतःचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. आज रस्त्यांसाठी वापरले जाणारे डांबर, म्हणजे बिटुमेन, हा खनिज तेलाच्या शुद्धीकरणानंतर उरणारा जड अंश असून त्याची प्रतवारी घट्टपणावरून केली जाते. व्हीजी-१० आणि व्हीजी-३० या त्यांपैकी नेहमीच्या वापरातील प्रती होत. खडीच्या कणांना एकत्र धरून ठेवणे आणि वरचे पाणी खाली जाऊ न देणे अशी दोन कामे डांबर करते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन आणि उन्हाने तापून ते हळूहळू कडक होते, त्यातील तेलकट अंश कमी होतो, रंग काळ्याचा करडा होतो आणि लवचिकता गेल्यामुळे थोड्याशा ताणानेही ते तडकते. दख्खनच्या पठारावरील काळा बसाल्ट डांबराला चांगला धरून राहतो, ही या प्रदेशाची जमेची बाजू आहे. मात्र भेगेतून शिरलेले पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये घुसले, की बसाल्टही डांबर सोडू लागतो आणि वाहनाच्या चाकाखाली खडी सुटी होऊन उडू लागते.

या साखळीत खड्डा ही शेवटची कडी आहे, आणि आजवरच्या अनुभवातून घ्यायचा मुख्य धडा नेमका हाच आहे. गावोगावी देखभालीची मागणी खड्डा दिसल्यावर होते, निधी त्यानंतर मिळतो आणि काम त्याहूनही पुढे होते. तोपर्यंत पाणी मुरमाच्या थरापर्यंत पोहोचलेले असते आणि वरून कितीही डांबर ओतले तरी खालचा मऊ पडलेला थर सावरत नाही. जो रस्ता पाहणाऱ्याला अजून ठीक वाटतो, ज्याचा रंग नुकताच करडा होऊ लागला आहे आणि ज्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसू लागल्या आहेत, तोच सीलकोटाला योग्य असतो. परंतु चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर खर्च करण्याचे धैर्य फार थोड्या ग्रामपंचायती आणि फार थोडे विभाग दाखवतात.

सीलकोट म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागावरील छिद्रे आणि बारीक भेगा बंद करणारा पातळ थर. ग्रामीण रस्त्यांच्या अंदाजपत्रकात ‘कारपेट व सीलकोट’ ही जोडी नेहमी आढळते, कारण वीस मिलिमीटर जाडीचे खुल्या घडणीचे कारपेट, म्हणजे डांबरात घोळलेल्या खडीचा थर, स्वतः पाणी अडवू शकत नाही आणि सीलकोटाशिवाय ते अपुरेच असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तपशिलांत सीलकोटाचे दोन प्रकार दिले आहेत. ‘अ’ प्रकारात गरम डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरतात व रोलर फिरवतात. त्याला दर दहा चौरस मीटरला ९.८ किलो डांबर आणि ०.०९ घनमीटर खडी लागते. ‘ब’ प्रकारात बारीक खडी किंवा वाळू आधीच डांबरात मिसळून अंथरतात आणि त्याचे प्रमाण दहा चौरस मीटरला ६.८ किलो डांबर व ०.०६ घनमीटर खडी असे असते. हे आकडे ग्रामस्थांनीही लक्षात ठेवावेत, कारण ३.७५ मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला ‘ब’ प्रकारासाठी सुमारे अडीच टन आणि ‘अ’ प्रकारासाठी पावणेचार टनांच्या आसपास डांबर लागते, हा हिशेब कोणालाही करता येतो आणि काम सुरू असताना साइटवर उतरलेल्या पिंपांशी तो ताडून पाहता येतो.

याशिवाय इमल्शनावर आधारलेले उपायही आता रूढ होत आहेत. इमल्शन म्हणजे पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने मिसळलेले डांबर. ते डांबरासारखे तापवून पातळ करावे लागत नाही, अंथरताना तपकिरी दिसते आणि पाणी निघून गेले की काळे होते. या रंगबदलाला कामगार ‘फुटणे’ म्हणतात आणि ते पूर्ण झाल्याशिवाय वाहतूक सोडू नये. पातळ केलेले इमल्शन नुसते फवारले तर त्याला फॉग सील म्हणतात, बारीक खडीबरोबर मिसळून पसरले तर स्लरी सील, आणि पॉलिमरयुक्त इमल्शन वापरून चार ते आठ मिलिमीटर जाडीचा थर दिला तर मायक्रोसर्फेसिंग. शेवटच्या दोहोंची मार्गदर्शक तत्त्वे इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-८१ या पुस्तिकेत आहेत. माकणीसारख्या गावात बाजारचौक, शाळेचे आवार किंवा बसथांबा यांसारख्या जागी, जेथे जड वाहनांपेक्षा ऊन आणि पाऊसच अधिक नुकसान करतात, तेथे फॉग सील किंवा स्लरी सील पुरेसे ठरते. मात्र ट्रॅक्टर उभे राहून जेथे डिझेल गळते, तेथे डांबर विरघळून मऊ पडत असल्यामुळे आधी तो भाग खरवडून काढावा लागतो. डिझेल मुरलेल्या पृष्ठभागावर दिलेला कोणताही लेप चिकटत नाही. रस्त्यावर होळी पेटवल्याने किंवा बांधावरचा पालापाचोळा कडेला जाळल्याने होणारी हानीही याच स्वरूपाची आहे आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

आता सीलकोट काय करू शकत नाही, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण फसगत येथेच होते. सीलकोट रस्त्याला बळ देत नाही. तो केवळ पाणी आणि ऊन अडवतो. मगरीच्या पाठीसारख्या, एकमेकींत गुंतलेल्या भेगांचे जाळे चाकाच्या मार्गात दिसू लागले, की खालचा थर भार पेलण्यास असमर्थ झाला आहे असे समजावे, आणि अशा ठिकाणी तो भाग खोदून मुरूम व खडीसह नव्याने भरण्याखेरीज दुसरा उपाय नसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या ‘आशो’ नावाच्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की, आसावरील भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घातात रस्त्याची हानी वाढते; म्हणजे भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. उसाने भरलेल्या, एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या ज्या एकपदरी रस्त्यावरून हंगामभर धावतात, त्या रस्त्याचे भवितव्य या हिशेबावरून कळते. अशा रस्त्यावर ताज्या काळ्या लेपाने भेगांचे जाळे झाकणे म्हणजे रोग लपवणे होय. पहिल्या पावसाळ्यानंतर ते पुन्हा वर येते आणि दोष मात्र सीलकोटाला दिला जातो. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीने बांधला आणि त्यानंतर दीर्घकाळ तो खड्ड्यांवाचून टिकला, ही गोष्ट महाराष्ट्रात वारंवार सांगितली जाते. त्या उदाहरणाचे मर्म वरच्या लेपात नसून पाया, पाण्याचा निचरा आणि गरम मिश्रणाची शिस्त यांत आहे.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम नाल्या आणि मोऱ्या मोकळ्या कराव्यात, कारण कडेला पाणी तुंबलेले असताना वरून केलेले सील निरुपयोगी असते. नंतर साईडपट्टी मुरमाने भरून डांबराच्या कडेशी समपातळीत आणावी आणि तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. ती खचलेली राहिली तर समोरून येणाऱ्या वाहनाला वाट देताना ट्रॉलीचे चाक कडेवरून उतरते आणि डांबराची कड तुटत जाते. त्यानंतर रुंद भेगा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करून भराव्यात, खड्डे चौकोनी कापून, तळाशी टॅक कोट म्हणजे चिकटवणीचे पातळ डांबर मारून, थराथराने दाबत बुजवावेत आणि सर्वात शेवटी सील द्यावे. धूळ ही या कामाची मोठी शत्रू आहे. काळ्या मातीच्या शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरची चाके रस्त्यावर चिखल आणून टाकतात, तो वाळून पक्का बसतो आणि झाडूने निघत नाही. तो तारेच्या ब्रशने खरवडला नाही तर सीलकोट रस्त्याला न चिकटता मातीला चिकटतो आणि पापुद्र्याने निघून येतो. सुगीत सोयाबीन वा तूर रस्त्यावर पसरून वाहनांखाली मळून घेण्याची प्रथा असल्याने भुसा भेगांत बसतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

वेळेची निवड करताना पावसाळा संपून पृष्ठभाग पूर्ण वाळल्यापासून पुढच्या पावसाळ्याच्या पुरेसे आधीपर्यंतचा काळ योग्य समजावा. ओल्या पृष्ठभागावर, पावसाची चिन्हे असताना किंवा तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली असताना डांबराचे काम करू नये, असा तपशिलांतील स्पष्ट नियम आहे. मराठवाड्यात थंडीची अडचण पहाटेपुरतीच असते, खरी अडचण आर्थिक वर्षअखेरीच्या घाईची आहे. ३१ मार्चपूर्वी निधी खर्ची घालण्याच्या ओढीने साफसफाईचा टप्पा गाळला जातो आणि कामाचे आयुष्य तेथेच निम्मे होते.

मालाच्या निवडीबद्दल एक इशारा आवश्यक आहे. दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबराचे लेप डिझेलला चांगले तोंड देतात, परंतु त्यांत कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचे प्रमाण फार मोठे असते आणि झिजलेले कण पावसाबरोबर ओढ्यात जातात. याच कारणाने अमेरिकेत ऑस्टिन शहराने २००६ पासून आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. जेथे रस्त्याचे पाणी ओढ्यांतून धरणात उतरते, तेथे असा माल स्वस्त मिळाला तरी नाकारला पाहिजे.

देखभालीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न या परिसरात विशेष तीव्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावांच्या दाट गल्ल्यांऐवजी तेथे रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते आखले गेले आणि गावाचा विस्तार पूर्वीच्या कितीतरी पट वाढला. बांधणीसाठी जागतिक बँकेचे साहाय्य होते. नंतर मात्र लहान ग्रामपंचायतींच्या वाट्याला त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने फार मोठे क्षेत्रफळ आले. रस्ता बांधताना त्याच्या राखणीचा पैसा कोठून येणार, हे ठरवण्याची गरज नवी नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतूनच १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ ची इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत बांधणीनंतरची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच समाविष्ट केली गेली, ही मोठी सुधारणा होय. ग्रामस्थांनी रस्त्याच्या आरंभी लावलेल्या फलकावरील तारीख वाचून, चौथ्या पावसाळ्यानंतर भेगा, कडा आणि साईडपट्ट्या यांची लेखी नोंद अभियंत्याकडे द्यावी, कारण मुदत संपल्यावर तोच दोष गावाच्या खर्चात येतो. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खोदण्याचे प्रकारही ग्रामपंचायतीने रोखले पाहिजेत. पाइप मोरीतून किंवा आधीच टाकलेल्या मोठ्या नळातून नेता येतो, आणि एकदा कापलेली डांबराची सलगता वरवर बुजवून परत येत नाही.

सील झालेल्या रस्त्यावर पट्टे मारण्याचे काम इंडियन रोड्स काँग्रेसच्या क्रमांक ३५ च्या संहितेनुसार होते. साध्या रंगाचा पट्टा स्वस्त असला तरी वाळूसारख्या धुळीत लवकर झिजतो. थर्मोप्लास्टिक म्हणजे वितळवून अंथरायचे, थंड झाल्यावर घट्ट होणारे मिश्रण साधारण अडीच मिलिमीटर जाडीचे असते आणि त्यावर ओले असतानाच चौरस मीटरला २५० ग्रॅम काचेचे मणी टाकतात. हे मणी वाहनाच्या दिव्याचा प्रकाश चालकाकडेच परतवतात. ते टाकले नाहीत तर पट्टा दिवसा पांढरा दिसतो आणि रात्री नाहीसा होतो. एकपदरी रस्त्यावर मधल्या रेषेपेक्षा दोन्ही कडांच्या रेषांना अधिक महत्त्व द्यावे, कारण रात्री उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना चालकाला डांबर कोठे संपते हेच कळण्याची गरज असते. ताज्या सीलकोटावर लगेच पट्टे मारल्यास सुटी खडी आणि वर येणारे डांबर यांमुळे ते उखडतात व काळवंडतात. म्हणून उन्हाळ्यात सील केलेल्या रस्त्यावर पावसाळ्यापुरते केवळ वळणे, शाळा आणि पुलाचे पोचमार्ग रंगवून घ्यावेत आणि कायमचे थर्मोप्लास्टिक पट्टे पाऊस उघडल्यावर, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन ट्रॉल्या रस्त्यावर येण्यापूर्वी मारावेत.