कलम हापूसचं, आंबे रायवळ

प्रश्न : दहा-बारा वर्षांपूर्वी परसात हापूसचं कलम लावलं. सुरुवातीची काही वर्षं हापूसच मिळाले. आता मात्र लहान, रेषाळ, चोखून खायचे आंबे येतात. शेजारी म्हणतात, खालच्या खुंटाचा गुण वर चढला. असं होतं का?

उत्तर : झाड तेच, माती तीच आणि आंबा तेवढा बदलला, तर कोणीही कोड्यात पडेल. पण गुण वर चढलेला नाही. वर चढलाय तो खुद्द खुंट!

कलम म्हणजे दोन झाडं. खाली रायवळ कोयीचं रोप, वर हापूसची काडी. कोकणात कोय कलम करताना कोय रुजून दहा-पंधरा दिवस झालेलं, तांबूस पानांचं रोप वरून छाटतात, देठाला मधोमध चीर देतात आणि पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर थर असतो. खोड जाड करणाऱ्या नव्या पेशी तिथे तयार होतात. दोन्हीकडचे हे थर एकमेकांना भिडले, की जखम भरता भरता सांधा जुळतो आणि मुळांचं पाणी वर, पानांचं अन्न खाली जाऊ लागतं.

गैरसमज होतो तो इथेच. सांध्यातून पाणी, क्षार, साखर जाते. पण हापूसच्या पेशीपासून हापूसचीच पेशी होते आणि रायवळच्या पेशीपासून रायवळची. विदर्भातला संत्रा पाहा. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून तो तयार करतात. मुळं आंबट लिंबाची, तरी वर लागतं ते संत्रंच. झाडाचा जोम, उंची, रोगाला तोंड देण्याची ताकद आणि थोडाफार फळाचा दर्जाही खुंटावर अवलंबून असतो, हे खरं. फळाची जात मात्र त्याने बदलत नाही.

मग तुमच्याकडे काय झालं? सांध्याच्या खालून खुंटाला फुटवा आला असणार आणि जोमदार दिसतो म्हणून तो राखला गेला असणार. मुळं त्याचीच, वाढ सरळसोट. बघता बघता तो वर जातो, हापूसच्या फांद्या सावलीत सापडतात आणि खंगतात. कोय कलमाचा सांधा मुळातच बुटका असतो. लावताना तो मातीत गेला, तर फुटवा कुठून आला हे नंतर ओळखणंही कठीण होतं.

आता बुंध्याशी बसून प्रत्येक फांदी खाली कुठपर्यंत जाते ते पाहा. हापूसची एखादी फांदी जिवंत असेल, तर तिच्यावर सावली धरणारा रायवळ भाग दोन-तीन टप्प्यांत काढा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. हापूस पुरता गेला असला, तरी झाड तोडू नका. खुंट छाटला की नवे धुमारे फुटतील. त्यांतले दोन-तीन राखून पावसाळी दमट हवेत त्यांवर मृदुकाष्ठ कलम बांधून घ्या. काडी फळं देणाऱ्या हापूसचीच हवी : तीन-चार महिन्यांची, खुंटाच्या धुमाऱ्याएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेला. आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून तिची पानं कापली, तर डोळा लवकर फुटतो. मुळं जुनी आणि खोल गेलेली असल्यामुळे ही फांदी नव्या कलमापेक्षा झपाट्याने वाढेल. मात्र सांध्याखाली येणारा प्रत्येक कोवळा फुटवा दिसताच नखाने खुडून टाका.