जुन्या बसच्या डिझेल एंजिनास हातकळ

शेतमालाच्या वाहतुकीस घेतलेल्या जुन्या बसचे एंजिन थंडीच्या पहाटे मंद चालीवर फार वेळ ठेवू नये. थंड सिलिंडरात डिझेल पुरते जळत नाही. ते भिंतीवरील वंगण धुऊन खाली उतरते व एंजिनचे तेल पातळ करते. यास्तव इंधनपंपाच्या तरफेस तारेची हातकळ जोडावी व चाल मिनिटास सुमारे ८०० ते १००० फेऱ्यांवर आणावी. काही कारागीर मंद चालीचा स्क्रूच कायमचा आवळून ठेवतात. ते अयोग्य होय, कारण मग गरम एंजिनही विनाकारण जलद चालते.

तारेने तरफ केवळ ओढावी. कळ सोडताच ती मूळ स्प्रिंगने मागे आलीच पाहिजे. तार अडकल्यास चालत्या गाडीचा वेग उतरत नाही. म्हणून एंजिन बंद असतानाच कळ व पेडल पुनःपुन्हा हलवून पाहावीत. एंजिन बंद करण्याच्या तरफेस तारेचा अडथळा नसावा. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हातब्रेक लावल्यावाचून कळ ओढू नये.